तोंडावरून ओळख

अरबी समुद्राच्या तळाचा गाळ 63 मायक्रॉनच्या चाळणीत घेऊन नळाखाली धुतला की चिखल निघून जातो आणि पांढरट वाळू मागे राहते. सूक्ष्मदर्शकाखाली या वाळूतला कण न् कण बघावा, बहुतेक सगळी फोरॅमिनिफेरांची कवचं. एका पेशीच्या या जिवांतले कितीतरी वरच्या पाण्यात तरंगत जगले आणि मेल्यावर त्यांची चुन्याची घरं तळाशी साचत गेली.

वाळू सुकवून 150 मायक्रॉनवर पुन्हा चाळायची, तीनेकशे कवचं उरतील इतके तिचे वाटे करायचे आणि काळ्या तबकात पसरायची. मग तीन शून्य नंबरच्या ब्रशचं टोक जेमतेम ओलं करून एकेक कवच उचलायचं.

ऑर्ब्युलिना युनिव्हर्सा म्हणजे नुसती गोळी, ग्लोबोरोटालिया मेनार्डी चपटी आणि काठाला जाड धार असलेली. यांना वेळ लागत नाही. माझा सगळा वेळ खातात त्या ग्लोबिजेरिना बुलॉइडिस आणि ग्लोबिजेरिना फाल्कोनेन्सिस. बुलॉइडिसला फ्रेंच निसर्गअभ्यासक दॉर्बिन्यीने 1826 मध्ये नाव दिलं. फाल्कोनेन्सिस ही वेगळी जात म्हणून ब्लो या अभ्यासकाने मांडली ती थेट 1959 मध्ये. इतका उशीर का झाला, ते तबकात बघताच पटतं. दोघींच्या शेवटच्या वळशात साधारण चार फुगीर कप्पे, द्राक्षांच्या लहानशा घोसासारखे. पाठीकडून बघून काहीच ठरवता येत नाही.

म्हणून कवच ब्रशने उलटं करायचं. बुलॉइडिसचं तोंड मोठं, कमानदार, काठ साधा. फाल्कोनेन्सिसचा शेवटचा कप्पा आधीच्यापेक्षा लहान, आणि तोंडावर पातळ ओठ. दिवा खाली आणून उजेड तिरपा पाडला की त्या ओठाची सावली पडते. पण ओठ नाजूक; कधी तुटलेला, कधी गाळाने बुजलेला. तेव्हा कप्प्याचा आकार आणि तोंडाची उंची बघायची. एका खुणेवर निकाल देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. एकाच जातीची दहा कवचं शेजारी मांडली की त्यांच्यातच केवढा फरक असतो, आणि पिल्लं तर मोठ्यांसारखी दिसतही नाहीत.

एवढी चिकाटी लागते, कारण या मोजणीवर पावसाचा इतिहास उभा आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे जोर धरतात तेव्हा ओमानच्या किनाऱ्याजवळ खोलातलं थंड, पोषक पाणी वर येतं आणि बुलॉइडिस फोफावते. अनिल गुप्ता, अँडरसन आणि ओव्हरपेक यांनी 2003 मध्ये तिच्याच टक्केवारीवरून गेल्या दहा-अकरा हजार वर्षांतल्या मान्सूनचे चढउतार मांडले. फाल्कोनेन्सिसचा संबंध मात्र हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यांशी जोडला जातो. दोघींची सरमिसळ झाली तर पावसाळा आणि हिवाळा एकाच रकान्यात जातात.

आज जिवंत बुलॉइडिसच्या डीएनएवरून दिसतं की एकाच रूपाच्या कवचांमागे अनेक वेगळे वंश आहेत. गाळातल्या रिकाम्या कवचांबाबत मात्र आकारावरच भिस्त. म्हणून ज्यांचं तोंड नीट दिसत नाही, त्यांना कुठल्याही नावात न कोंबता मी स्लाइडवरच्या वेगळ्या चौकोनात चिकटवते, दुसऱ्या डोळ्यांनी बघावं म्हणून.