न गंजणारं लोखंड

जालन्यात कुणाला लोखंडाबद्दल शिकवायला जाऊ नये. रोलिंग मिलमधून निघालेली सळई पावसात उघडी पडली की चार दिवसांत तांबूस होते, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. पण रविवारी मटणाच्या दुकानासमोर हीच मंडळी म्हणतात, "भाऊ, रक्त नीट धुऊन घ्या."

ते रक्त नसतं. रक्त बोकड कापतानाच बहुतेक निघून जातं. पिशवीत साचणारं लाल पाणी असतं मुख्यतः मायोग्लोबिनचं, म्हणजे स्नायूत ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचं. कोंबडीची तंगडी काळसर आणि छाती पांढुरकी असते तीही याचमुळे. दिवसभर चालणाऱ्या तंगडीला साठा लागतो.

दुसरा गैरसमज शिकलेल्यांचा: ऑक्सिजन पकडतं ते लोह, प्रथिन नुसतं वेष्टन. लोह पकडतं खरं, पण सळई पकडते तसं. हीम म्हणजे मधोमध लोहाचा अणू असलेली चपटी चकती. ती मोकळी पाण्यात सोडली, तर ऑक्सिजनच्या संगतीत लगेच गंजल्यागत होते आणि कायमची निकामी ठरते. मायोग्लोबिनची १५३ अमिनो आम्लांची साखळी आठ पिळांत दुमडून या चकतीसाठी तेलकट खोबण करते. ९३व्या जागेवरचं हिस्टिडीन लोहाला एका बाजूने धरतं, ६४व्या जागेवरचं दुसऱ्या बाजूने ऑक्सिजनला सावरतं. गंज चढवायला दुसरं हीमही जवळ फिरकू शकत नाही. म्हणून ऑक्सिजन येतो, बसतो आणि सुटतोही. ठेवलेलं मटण तपकिरी पडतं तेव्हा ही राखण ढिली झालेली असते. एवढ्यावरून ते नासलं असं मात्र होत नाही. त्यासाठी वास आणि चिकटपणा पाहावा.

मायोग्लोबिन म्हणजे स्नायूतलं हिमोग्लोबिन, असंही ऐकू येतं. नातं आहे, स्वभाव वेगळा. हिमोग्लोबिनच्या चार साखळ्या एकमेकींच्या तालावर ऑक्सिजन घेतात, सोडतात. ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या सुमारे २६ मिलिमीटरवर आला की ते निम्मं रिकामं होतं. एकट्या साखळीचं मायोग्लोबिन थेट ३ मिलिमीटरपर्यंत तग धरतं. रक्ताने सोडलेलं स्नायूला घेता येतं ते या फरकामुळे.

जॉन केंड्र्यू यांनी १९५८ मध्ये स्पर्म व्हेल या देवमाशाच्या मायोग्लोबिनची घडी क्ष-किरणांनी प्रथम उलगडली. १९६२ मध्ये मॅक्स पेरुत्झ यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. त्या प्रतिमा पाहून प्रथिन साच्यातल्या ओतकामासारखं घट्ट वाटतं. पण मग पंचाईत होते, कारण त्या घडीत ऑक्सिजनला आत शिरायला पुरेशी वाटच दिसत नाही. प्रत्यक्षात प्रथिन सतत थरथरत असतं. त्या हालचालीत क्षणभर फट पडते, आणि ऑक्सिजन तेवढ्यात आत सरकतो.