जीप ते थार : फोर-बाय-फोरच्या टायरची पाऊणशे वर्षं

स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, तेव्हा टायर निवडायचा प्रश्नच नव्हता. माप ठरलेलं, ६.००-१६. रुंदी सहा इंच, आत ट्यूब. आज नाशिकला तयार होणाऱ्या थारवर २५५/६५ आर १८ चढतो. म्हणजे १५२ मिलिमीटरचा टायर २५५वर गेला. या वाटचालीत आपण पुष्कळ मिळवलं. पण जीपवाल्यांची एक सवय मागे राहिली, आणि तिची उणीव मला दर पावसाळ्यात जाणवते.

जुना नायलॉनचा टायर दणकट होता. त्याचे धागे तिरपे, एकावर एक फुल्या मारत जायचे. तळाला जितके थर, तितकेच बाजूला. कोकणातल्या जांभ्याची धार त्याच्या बाजूला सहसा चिरत नसे. पण तो तापायचा, घसरायचा आणि लवकर झिजायचा. रेडियलने हे दोष घालवले. मिशेलिनने त्याचं पेटंट १९४६ मध्येच घेतलं होतं. आपल्याकडे कारसाठी रेडियल यायला सत्तरचं दशक उजाडलं, आणि जीपच्या दुनियेत तर त्याहूनही उशीर झाला. १९८५ साली आलेल्या जिप्सीवरही बरीच वर्षं नायलॉनचे टायर दिसत. रेडियलमध्ये तळाखाली पोलादी पट्टे असतात, बाजू मात्र पातळ आणि लवचिक. म्हणूनच तो रस्ता घट्ट धरतो, आणि म्हणूनच टोकदार दगडाला बाजूनेच हार जातो. तळात खिळा गेला तर पंक्चर निघतं. बाजू चिरली की टायर संपला.

१९९८ मध्ये पुण्याहून सफारी आली ती २३५/७५ आर १५ घेऊन. पाठोपाठ बोलेरो, स्कॉर्पिओ आल्या आणि निवड खऱ्या अर्थाने सुरू झाली. दुकानात तीन जाती दिसू लागल्या : डांबरी रस्त्याचा हायवे-टेरेन, सगळीकडे चालणारा ऑल-टेरेन, आणि मोठ्या खाचांचा मड-टेरेन. जून २०२० मध्ये सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध आणले, तेव्हा परदेशी ब्रँडवर भिस्त ठेवणाऱ्यांची पंचाईत झाली. त्याच वर्षी नवी थार कारखान्यातूनच सीएटच्या ऑल-टेरेन टायरवर उभी राहून आली. ही मला त्या काळातली सर्वांत चांगली घटना वाटते. चांगला ऑल-टेरेन टायर ही हौशी लोकांनी शोधत फिरायची वस्तू उरली नाही.

मड-टेरेनचा मोह अनेकांना होतो. दिसतो तो रुबाबदार. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत रोज जाणं असेल तर तो घ्यावाच, कारण ती माती बारीक नक्षीत लपेटून बसते आणि टायर गुळगुळीत होतो. मोठ्या खाचा तिला फिरता फिरता झटकून टाकतात. पण ताम्हिणीच्या ओल्या डांबरावर त्याच खाचांमुळे रस्त्याला टेकणारं रबर कमी पडतं आणि ब्रेक लांबतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक फोर-बाय-फोर गाड्या वर्षातले पंधरा दिवस चिखलात आणि उरलेले दिवस डांबरावर असतात. त्यांच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे : ऑल-टेरेन, आणि कंपनीने सांगितलेल्याच मापाचा.

आता त्या सवयीबद्दल. टायर महाग आणि ट्यूब हवा सोडणारी, म्हणून जीपवाले हवा सतत बघत आणि स्टेपनीसकट पाचही टायर आळीपाळीने फिरवत. ट्यूबलेस आले आणि हवा इतकी हळू उतरू लागली की बघणंच सुटलं. मेच्या दुपारी नाशिकला ३८ अंशांत भरलेली हवा डिसेंबरच्या बारा अंशांच्या पहाटे साधारण चार पीएसआयने खाली आलेली असते, एकही खिळा न लागता. हवा मोजायची ती गाडी हलण्यापूर्वी, टायर गार असताना.

फिरवाफिरवीचं कारण तर फोर-बाय-फोरमध्ये अधिक गंभीर आहे. समजा, सफारीच्या मापाचे दोन नवे टायर मागे बसवले आणि पुढे साडेसात मिलिमीटर झिजलेले तसेच ठेवले. व्यासात १५ मिलिमीटरचा फरक पडला. एका किलोमीटरमध्ये नव्या चाकाच्या सुमारे ४३४ फेऱ्या होतात, जुन्याच्या ४४३. थार-जिम्नीसारख्या गाड्यांत फोर-व्हील लावल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी जखडले जातात. या नऊ फेऱ्यांना जायला जागाच नसते. चिखलात चाक घसरून ताण निघून जातो. कोरड्या रस्त्यावर तो ट्रान्सफर केसमध्ये साठतो. दोन टायरचे पैसे वाचवताना गिअरचं हजारोंचं काम निघतं. आठ-दहा हजार किलोमीटरला पाचही टायर फिरवले तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

वाळूचंही थोडं सांगायला हवं. हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली की टायरचा ठसा लांबतो आणि गाडी तरंगल्यासारखी जाते, हे खरं आहे. मग वेग अगदी कमी ठेवायचा आणि डांबरावर येताच हवा पुन्हा भरायची. पण हे ज्ञान कोकणच्या किनाऱ्यावर वापरू नका. वेळाससारख्या गावांच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात.

शनिवार-रविवारीच बाहेर पडणाऱ्या गाड्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवरचे चार आकडे वाचा : २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. पाच वर्षं झाली की दरवर्षी तपासून घ्या, नक्षी कितीही ठसठशीत असली तरी. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी चालते. घाटात जाणार असाल तर तीनवरच बदला. आणि यंदा मृगाच्या आधी हवेचं मीटर घेऊन खाली बसा, स्टेपनीपासून सुरुवात करा.