जाड सोलचे बूट आणि दोन सेंटिमीटर: थीम पार्कच्या उंचीपट्टीमागचं कारण

हेडफोन हाताशी नसतील त्यांच्यासाठी हा आपल्या भागाचा लिखित अवतार. बोलले तेच आहे, फक्त मधले ‘अं...’ आणि कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात.

आजचा विषय आला एका व्हॉइस नोटमधून. एका श्रोत्याने विचारलंय, “ताई, दोन वर्षांपूर्वी घरचे सगळे खोपोलीजवळच्या इमॅजिकाला गेलो होतो. भाचा तेव्हा पाचचा. एका राइडच्या पट्टीपाशी त्याची उंची कमी भरली आणि त्याने पार्किंगपर्यंत भोकाड पसरलं. आता दिवाळीच्या सुट्टीत परत जायचंय. तो सात वर्षांचा झालाय, पण घरी भिंतीला मोजला तर अजून दोन सेंटिमीटर कमीच. जाड सोलचे बूट घातले तर चालून जाईल ना? आणि धाकटी भाची चार वर्षांची आहे, तिचं काय करू?”

उत्तर आधीच सांगते. बुटांची आयडिया सोडा. पण का, हे कळलं पाहिजे, नाहीतर गेटवरचा माणूस उगाच आडमुठा वाटतो.

आपल्याला वाटतं, पट्टी उंची मोजते. खरं म्हणजे तिला मुलाच्या हाडांचा अंदाज घ्यायचा असतो. बसल्यावर मांड्यांवर जो दांडा खाली येतो, तो कमरेच्या हाडाजवळ, मांड्यांच्या वरच्या भागावर टेकायला हवा. मोठ्या माणसाच्या कमरेची हाडं पुढे आलेली असतात, दांडा तिथे अडतो. लहान मुलांची ती हाडं अजून वाढीला लागलेली असतात, त्यामुळे दांडा सरकून पोटावर येऊ शकतो. म्हणजे एकतर पोटावर दाब, नाहीतर मूल दांड्याखालून घसरतं. गाडीत मोठ्यांचा सीटबेल्ट लहान मुलाला नीट बसत नाही, तेही याच कारणाने. खांद्यांवरून येणारा हार्नेस असेल तर खांदे कुठे येतात तेही बघावं लागतं. रांगेत हजारो माणसं असताना प्रत्येकाची हाडं कोण तपासणार? उंची पटकन मोजता येते, म्हणून पट्टी.

आता बुटांचं. सोलमुळे उंची वाढते ती पायाच्या तळाशी. खुर्चीत बसल्यावर खांदे, कंबर, मांड्या आहेत तिथेच! पट्टी फसते, दांडा फसत नाही.

“पण मी शेजारी बसून घट्ट धरेन की!” हेही खूप जण म्हणतात. कोस्टर उंचवट्यावरून खाली येतो तेव्हा पोटात गोळा येतो ना, त्या क्षणी शरीर सीटवरून उचललं जात असतं. आणि वळणावर किंवा तळाशी तेच शरीर कितीतरी जड होतं. अशा वेळी हाताच्या पकडीचा भरवसा नाही. त्यातून दोघांना मिळून एकच दांडा असेल तर तो जाड मांड्यांच्या माणसापाशी थांबतो, शेजारच्या मुलापुढे फट राहते. म्हणजे मामा शेजारी बसल्याने भाच्याची जागा उलट सैल होऊ शकते.

फट काय करते, याचं एक उदाहरण सांगते. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ऑर्लँडोला एका उंच ड्रॉप टॉवरवरून चौदा वर्षांचा मुलगा पडून गेला. तो उंचीने कमी नव्हता, उलट अंगाने मोठा होता. चौकशीत निघालं की त्याच्या सीटचा सेन्सर हाताने बदललेला होता, त्यामुळे हार्नेसमध्ये नेहमीपेक्षा जास्त फट असूनही यंत्राला तो बंद वाटला. म्हणूनच काही राइडवर उंचीची वरची मर्यादा आणि वजनाची मर्यादासुद्धा असते. तुमच्यातले धिप्पाड मामा-काका, तो बोर्ड तुमच्यासाठीही आहे.

जत्रेतल्या पाळण्यांना तर अनेकदा पट्टीही नसते. तिथे एवढं तरी करा: गोल फिरणाऱ्या राइडमध्ये मूल आतल्या बाजूला, मोठं माणूस बाहेरच्या. वेग आला की सगळे बाहेरच्या बाजूला दाबले जातात, आणि उलट बसलात तर तुमचं सगळं वजन त्या पोरावर.

आता त्या दोन सेंटिमीटरचं काय? साधारण दोन वर्षांपासून वयात येईपर्यंत मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे दोन सेंटिमीटर ही चार-पाच महिन्यांची गोष्ट. दिवाळीत नाही, पण मे महिन्यात तो बहुधा त्या पट्टीच्या वर असेल. माझं स्पष्ट मत, ती राइडच मुख्य आकर्षण असेल तर ट्रिप उन्हाळ्यावर ढकला. ऊन लागेल, पण टोपी घालता येते. आणि एक गंमत, आपण सगळेच सकाळी थोडे उंच असतो. दिवसभर उभं राहून मणक्यांमधल्या गाद्या दबतात, संध्याकाळपर्यंत जवळपास सेंटिमीटरभर उंची घटते. तुम्ही भाच्याला रात्री जेवणानंतर मोजला असेल तर उद्या उठल्या उठल्या पुन्हा मोजा, अनवाणी, टाचा भिंतीला लावून.

दिवाळीतच जायचं ठरलं असेल तर भाच्याला घरीच सांगा. पार्कच्या वेबसाइटवर राइडच्या मर्यादा बघा, त्याच्या उंचीला काय काय चालतं याची यादी त्यालाच करू द्या. दोन तास उन्हात रांग लावून तोंडाशी ‘नाही’ ऐकणं आणि सोफ्यावर बसून ‘नाही’ ऐकणं, यात खूप फरक आहे. रडेल, पण पार्किंगपर्यंत नाही.

धाकटीचं गणित वेगळं. ती दोन वर्षांपूर्वी आली असेल तर तिला त्यातलं फारसं आठवत नसणार. मोठेपणी आपल्याला आठवणारी पहिली आठवण बहुतेकदा तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. तिच्यासाठी ही ट्रिप पहिलीच समजा. टबी हत्तीच्या उडत्या राइडपासून सुरुवात करा. सलीमगढसारखी अंधारी, भुताखेतांची राइड मात्र तिच्यासाठी नको, कुणी कितीही म्हटलं तरी. या वयात ‘खोटं आहे गं ते’ म्हणून भीती जात नाही, रात्री घरी आल्यावर ती परत येते.

आणि मोठा ‘राजासॉरस’च्या पाण्याच्या राइडला निघाला तर त्याला सांगा की हा डायनासोर खराखुरा होता आणि आपलाच होता. गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडं मिळाली, २००३ मध्ये त्याला नाव दिलं गेलं. रांगेतली वीस मिनिटं त्यावरच्या प्रश्नांत जातील.

मोठे राइडवर असताना लहान मुलापाशी एकाने थांबायचं आणि मग अदलाबदल करायची, अशी सोय डिस्नेच्या पार्कमध्ये असते, दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. आपल्याकडे रांगेत शिरण्याआधी तिथल्या माणसाला नीट विचारा. नसेल तर आधीच ठरवा, मावशी की मामा. दर वेळी मावशीच थांबते असं दिसतं बरं का.

पुढच्या भागात वॉटर पार्क: लाटांच्या तलावात मूल कुठवर न्यायचं आणि फुगवलेल्या दंडपट्ट्यांवर विसंबून का राहू नये. व्हॉइस नोट पाठवत राहा!