ज्ञानेश्वरीचे अध्यापन आणि संगणकावरील संहिता

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात संगणकाचा प्रवेश प्रथम टंकलेखनाचे साधन म्हणून झाला. महाजाल उपलब्ध झाल्यावर त्यात आयत्या टिपणांची भर पडली; परंतु साहित्याच्या अध्यापनात या यंत्राचे खरे सामर्थ्य वेगळेच आहे. मोठ्या संहितेतील एखादा शब्द वा प्रत्यय जेथे जेथे आला असेल ती सर्व स्थळे ते क्षणात समोर ठेवते. पूर्वी हे काम शब्दसूची करीत असे आणि ती सिद्ध करण्यात अभ्यासकांची वर्षे जात. मात्र यंत्र ज्या संहितेत शोध घेते ती कोणाची, हा प्रश्न विचारल्यावाचून त्या स्थळांना प्रामाण्य येत नाही. वर्गात नेमका हाच प्रश्न बहुधा विचारला जात नाही.

अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ मध्ये नामांतर होऊन अहिल्यानगर) महाविद्यालयांना याचे उदाहरण घराजवळच सापडते. ज्ञानेश्वरी प्रवरेच्या काठी नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, सांगितली गेली हे विद्यार्थ्यांना शाळेपासून ठाऊक असते. तेथील खांब दुर्गा भागवत यांच्या 'पैस'मुळे ललितगद्याच्या वाचकांनाही परिचित आहे. आता संगणकावरील संहितेच्या अखेरच्या भागात 'नेवासे' हा शब्द शोधण्यास सांगावे. तो मिळत नाही. 'प्रवरा' शोधली तर तीही मिळत नाही. पसायदानानंतर येणाऱ्या ओव्यांत स्थलनिर्देश आहे खरा. पण तो गोदावरीच्या तीराचा, पंचक्रोश क्षेत्राचा आणि महालयेचा. (पसायदानापाशीच वाचन थांबविण्याची रीत रूढ असल्याने या ओव्या वर्गात क्वचितच वाचल्या जातात.) महालया म्हणजे नेवाशाचे मोहिनीराज हे दैवत, आणि प्रवरा याच तालुक्यात प्रवरासंगमापाशी गोदावरीस मिळते, एवढे जोडून घेतल्यावरच नेवासे हाती लागते. 'शब्द नाही' याचा अर्थ 'उल्लेख नाही' असा होत नाही, हे एका तासात विद्यार्थ्याच्या ध्यानी येते. शक सांगणाऱ्या ओवीत ज्ञानेश्वरांचा उल्लेख तृतीय पुरुषी आहे आणि लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव आहे. तेव्हा ही ओवी कोणाची, हा पाठचिकित्सेचा प्रश्नही ओघानेच उपस्थित होतो.

दुसरी अडचण भाषेच्या रूपांची. याच ओव्यांत यादव राजाचे नाव 'रामचंद्रु' असे उकारान्त येते. पूर्ण शब्द जुळविणाऱ्या शोधाला 'रामचंद्र' सापडणार नाही. शब्दाचा अंश जुळविणाऱ्या शोधाला सापडेल. उलट 'देव' हा अंश शोधला तर 'देवो', 'देवें' यांच्याबरोबर 'देवकी'ही येईल. 'म्हणून' शोधणाऱ्याला 'म्हणौनि' व 'म्हणोनि' ही रूपे स्वतंत्रपणे शोधावी लागतात. अनुस्वाराचे तर विचारूच नये. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, आणि आजच्या सवयीने उतरविलेल्या संहितेत 'आतां'चे 'आता' झालेले असू शकते. विभक्तिप्रत्ययांवर टिपण करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा बदल किरकोळ नाही. त्याचा पुरावाच त्यामुळे नाहीसा होतो.

यात लिपीच्या संकेतांकनाची भर पडते. मराठी विभागांतील जुने लेखन ज्या टंकांत झाले त्यांपैकी पुष्कळ टंक रोमन अक्षरांच्या संकेतस्थानांवर देवनागरी आकार बसवीत. तो टंक नसलेल्या यंत्रावर पान उघडले की निरर्थक चिन्हांची रांग दिसते, आणि शोध तर अशक्यच. भारतीय लिपींसाठी इस्की हे मानक १९९१ मध्ये निश्चित झाले. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. युनिकोडच्या प्रसारानंतर ही अडचण बरीच निवारली, तरी संपली नाही. 'तऱ्हा'मधील अर्धा र दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांना तो एकच दिसतो. यंत्राला ते दोन शब्द वाटतात.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आवृत्तीचा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून मानलेल्या पोथीवरून १९०९ मध्ये आपली प्रत छापली. ती पोथी पुढे अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही, त्यामुळे तिच्याबद्दलचा वाद छापील पुस्तकाच्या आधारेच चालत आला. सांप्रदायिक परंपरेत साखरे व दांडेकर यांच्या प्रती प्रमाण ठरल्या. या प्रतींत पाठभेद तर आहेतच, पण ओव्यांची संख्या आणि क्रमांकही सर्वत्र जुळत नाहीत. महाजालावरील पुष्कळ संहितांवर मूळ आवृत्तीचा निर्देशच नसतो. अशा संहितेवरून 'हा शब्द ज्ञानेश्वरीत अमुक वेळा येतो' असे विधान प्रबंधात करणे म्हणजे कोणत्या ज्ञानेश्वरीत, हे न सांगताच मोजणी करणे होय. परीक्षकांनीही असे आकडे बिनतक्रार स्वीकारू नयेत.

वर्गात करण्याजोगे काम फार खर्चाचे नाही. अध्यापकाने संहिता अगोदर उतरवून घेतली असेल तर एका यंत्रावर, महाजालाच्या जोडणीवाचूनही ते होते. वर सांगितलेला उपसंहार घ्यावा; राजवाड्यांची प्रत, दांडेकरांची प्रत आणि संगणकावरील पाठ शेजारी ठेवून ओवीमागून ओवी भेद नोंदवावे. बहुतेक ठिकाणी अशा दहा ओव्यांतच संगणकावरील पाठ कोणत्या परंपरेचा आहे याचा अंदाज येतो. अडलेल्या शब्दांसाठी शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहाचा उपयोग अवश्य करावा. तेथे मोल्सवर्थचा १८५७ चा कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश हे तिन्ही शोधता येतात. 'पैस' हा एकच शब्द तिन्हींत पाहिला तरी एकोणिसाव्या शतकातील अर्थ तेराव्या शतकाच्या ग्रंथावर लादणे किती सोपे असते ते दिसते.

विद्यार्थ्याने आपल्या नोंदीत प्रत्येक उदाहरणापुढे अध्याय, ओवी आणि आवृत्ती ही तिन्ही लिहावीत. आवृत्तीचा रकाना रिकामा राहिला तर ते उदाहरण पुन्हा छापील प्रतीत शोधावे. राजवाड्यांच्या प्रतीत ते न आढळल्यास तसेही नोंदवावे.