टोट : आपसातली पैज

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पैज लावण्याचे दोन मार्ग : बुकी आणि टोट. बुकी भाव आधी सांगतो. टोटचा भाव खिडकी बंद झाल्यावरच पक्का होतो. ‘टोट’ हे ‘टोटलायझेटर’चे, म्हणजे बेरीज करणाऱ्या यंत्राचे, लघुरूप. असे यंत्र जॉर्ज ज्युलियसने १९१३ मध्ये ऑकलंडला बसवले. पद्धत मात्र त्याआधीची. १८६७च्या सुमारास पॅरिसमध्ये जोसेफ ओलेरने ती सुरू केली. तिचे फ्रेंच नाव ‘पारी म्युतुएल’, म्हणजे आपसातली पैज.

समजा, १०० रुपये जमले आणि कर-खर्चापोटी २० कापले, तर जिंकणाऱ्यांत ८०च वाटले जातात. घोडा कोणताही येवो, खेळणाऱ्यांचे २० गेलेलेच! पैज घोड्याशी नसतेच; ती रांगेतल्या शेजाऱ्याशी असते.