९१३ तुकड्यांचें विमान

डेन्मार्क देशाच्या जटलंड प्रांतांत बिलुंड नांवाचें एक लहानसें गांव आहे. त्या गांवाला स्वतःचा विमानतळ आहे. आणि तो तेथें असण्याचें कारण राजधानी नव्हे, बंदर नव्हे कीं लष्करी ठाणें नव्हे, तर मुलांचीं खेळणीं हें आहे. लेगो कारखान्याचे मालक गोडफ्रेड कर्क ख्रिश्चनसन यांनीं प्रथम स्वतःच्या सोयीसाठीं धांवपट्टी केली. पुढें आसपासच्या नगरपालिकांना सामील करून घेतलें, आणि १९६४ सालीं तेथें सार्वजनिक विमानतळ सुरू झाला. खेळण्यांतील विटांनीं खरीं विमानें गांवांत आणलीं असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

त्याच विटांचें प्रवासी विमान आतां आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनहि दिसूं लागलें आहे. वाढदिवस, मुंज, परदेशांतून येणारे मामा किंवा आत्याबाई, यांपैकीं कोणत्या तरी निमित्तानें तें घरांत येतें. हें खेळणें घेण्याजोगें आहे काय, असा प्रश्न पुष्कळ पालक विचारतात, आणि प्रश्न अगदींच क्षुल्लक नाहीं. २०२३ सालीं हा संच बाहेर पडला तेव्हां अमेरिकेंत त्याची किंमत शंभर डॉलरला एक सेंट कमी, इतकी होती. आपल्या सरकारनें तर २०२० सालींच परदेशी खेळण्यांवरील जकात शेंकडा २० वरून ६० वर नेली होती. एवढ्या रकमेंत मुलांच्या पुस्तकांचें एक लहानसें कपाट सहज भरेल! तेव्हां त्या मोबदल्यांत मुलाच्या पदरांत काय पडतें, हें पाहणें पालकांचें कर्तव्यच आहे.

पेटींत ९१३ तुकडे असून ती सात वर्षांवरील मुलांसाठीं आहे. त्यांतून सुमारें हातभर लांबीचें एक प्रवासी विमान होतें. शिवाय प्रवाशांची बस, सामानाची गाडी, माल वर चढविणारें एक यंत्र व नऊ माणसें. विमानाचें छप्पर उचलतां येतें. आंत वैमानिकाची खोली, खुर्च्या, लहानसें स्वयंपाकघर आणि शौचकूप हीं सर्व आहेत. शौचकूप पाहून आमच्या घरांतील बालमंडळीला जो आनंद झाला, त्याचें वर्णन येथें न केलेलें बरें.

या विटांची खरी करामत मात्र विमानांत नाहीं, विटेंतच आहे. गोडफ्रेड यांचे वडील ओले कर्क ख्रिश्चनसन हे मूळचे सुतार. १९३२ सालच्या मंदींत त्यांनीं लांकडी खेळणीं करण्यास आरंभ केला आणि १९३४ सालीं 'चांगलें खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून 'लेगो' हें नांव घेतलें. प्लॅस्टिकच्या विटा त्यांनीं १९४९ सालीं काढल्या; पण ती कल्पना मुळांत त्यांची नव्हती. इंग्लंडांतील हिलरी पेज या गृहस्थांनीं तशा विटा आधींच केलेल्या होत्या, व त्या पाहूनच बिलुंडच्या विटा घडल्या. त्या पहिल्या विटा आंतून पोकळ होत्या. एकीवर एक बसत, पण घट्ट धरून राहत नसत. २८ जानेवारी १९५८ रोजीं ज्या सुधारणेसाठीं पेटंटचा अर्ज करण्यांत आला, ती ऐकण्यास अगदीं साधी आहे. विटेच्या वर गुंड्या होत्याच. खालच्या पोकळींत आतां नळ्या बसविल्या. खालच्या विटेची गुंडी वरच्या विटेची भिंत व नळी यांच्या मध्यें सांपडते, आणि दोन्ही विटा एकमेकींना धरून ठेवतात. तरीहि लहान मुलाच्या बोटांनीं त्या सुटतात. गोंद नको, खिळा नको, मळसूत्र नको. दोन गुंड्यांमधील अंतर आठ मिलिमीटर ठरलें, तें अद्याप तेंच आहे. त्यामुळें १९५८ सालची वीट आजच्या विमानांत बिनतक्रार बसते. आजोबांची वीट नातवाच्या उपयोगीं पडावी असें खेळणें आमच्या पाहण्यांत फारसें नाहीं, आणि किंमतीचा विचार करितांना ही गोष्ट जमेच्या बाजूस धरलीच पाहिजे.

या विटांतून गणितहि निघतें. तीन पातळ पट्ट्या एकीवर एक ठेवल्या कीं एका विटेची उंची भरते. आठ गुंड्यांच्या एकाच रंगाच्या सहा विटा किती प्रकारांनीं जोडतां येतील, याचा हिशेब १९७४ सालीं कारखान्यानें १० कोटी २९ लक्ष ८१ हजार ५०० असा सांगितला होता. पुढें कोपनहेगन विद्यापीठांतील सोरेन आइलर्स या गणितज्ञांनीं दाखवून दिलें कीं त्या हिशेबांत सहाहि विटा एकीवर एक चढविलेल्या रचनाच धरल्या होत्या. सर्व रचना धरल्यास हा आंकडा ९१ कोटी ५१ लक्ष ३ हजार ७६५ होतो. केवळ सहा विटा! आणि येथें ९१३ तुकडे देऊन मुलाकडून एकच विमान करून घ्यावयाचें, ही गोष्ट आमच्या मनाला थोडी खटकली, हें सांगितलेंच पाहिजे.

तें करून घेण्याची रीत मात्र फार चांगली आहे. तुकड्यांच्या पिशव्यांवर क्रमांक आहेत. सोबतच्या पुस्तिकांत रचनेची एक एक पायरी चित्रानें दाखविलेली असून सूचनेचा एकहि शब्द नाहीं. इंग्रजी शाळेंतील मूल पुढें आणि मराठी शाळेंतील मूल मागें, असा प्रकार येथें होत नाहीं. आमच्या घरांतील आठ वर्षांची कन्या व तिचा अकरा वर्षांचा चुलतभाऊ या दोघांनीं तें विमान दोन दिवसांत पुरें केलें. चित्र बारकाईनें पाहणें, उजव्या पंखासारखाच पण उलटा डावा पंख रचणें, पांच पायऱ्या मागें झालेली चूक शोधून तेथपर्यंत सर्व उकलणें, हें शिक्षण लहानसहान नव्हे. शाळेंतील भूमितीच्या तासाला तें इतक्या निमूटपणें घडत नाहीं.

पण विमान उभें राहिल्यावर आमच्या मातुःश्रींनीं चष्मा सारून तें न्याहाळलें व विचारलें, "अरे, ह्यांत पेट्रोल कोठें भरतात रे?" दोन्ही मुलें गप्प. दोन दिवस ज्यांनीं विमान बांधलें, त्यांना त्यांत इंधनाची जागा माहीत नव्हती. कारण त्या विमानांत ती नाहींच. खऱ्या प्रवासी विमानाचें इंधन मुख्यतः पंखांच्या पोकळींत असतें. पंखाचा आकार वरून फुगीर असतो तो कां, तो पंख हवा खालीं लोटून विमान वर कसें उचलून धरतो, याविषयीं हा संच चकार शब्द काढीत नाहीं. नाक व शेपूट यांची गोलाई तर मोठाल्या तयार तुकड्यांनींच आलेली आहे. प्रमाणाचेंहि तसेंच. संचांतील माणूस चार सेंटिमीटर उंच. तो पावणेदोन मीटरच्या आसपासच्या माणसाच्या ठिकाणीं मानला, तर आपल्याकडे नेहमीं दिसणारें, ३७.५७ मीटर लांबीचें एरबस ए-३२० हें विमान त्याच मापानें सुमारें ८६ सेंटिमीटर व्हावें. म्हणजे खेळण्यांतील विमान जवळजवळ निम्मेंच आहे. घरांत जागा किती, याचा विचार करितां तें क्षम्य आहे. पण हा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. आमच्याकडे तो झाल्यावर प्रवाशांच्या खुर्च्या इतक्या थोड्या कां, हें कोडें आपोआप सुटलें.

थोडक्यांत, हें विमान प्रवाशानें पाहिलेलें विमान आहे. तें बांधणाऱ्यानें अगर चालविणाऱ्यानें पाहिलेलें नव्हे. खुर्ची, खाद्यपेय, सामान आणि शौचकूप! याच कारखान्यानें त्याच २०२३ सालीं काँकॉर्ड विमानाचा २,०८३ तुकड्यांचा एक संच काढला. त्याची शेपटी फिरविली म्हणजे आंतील दांड्यांच्या योगानें चाकें खालीं उतरतात, आणि विमानाचें टोंकदार नाक खालीं वांकवितां येतें. खऱ्या काँकॉर्डचे पंख त्रिकोणी होते. उतरतांना त्याला आपलें तोंड बरेंच वर उचलून धरावें लागे, त्यामुळें वैमानिकाला धांवपट्टी दिसेना. म्हणून नाकच खालीं वांकविण्याची ती युक्ति होती. तें विमान २४ ऑक्टोबर १९०० नव्हे, तर आपल्या पिढीच्या डोळ्यांदेखत, २४ ऑक्टोबर २००३ रोजीं शेवटचें प्रवासी घेऊन उडालें. ज्या खेळण्यांत विमानाचें असें मर्म उकलतें, त्याच्या पेटीवर 'अठरा वर्षांवरील' असें छापलेलें आहे, आणि मुलांच्या वांट्याला स्वयंपाकघर आलें आहे. ही वांटणी कोणीं केली असेल ती असो. आम्हांला ती उलटी वाटते.

आमचा खरा आक्षेप मात्र कारखान्यावर नाहीं, आपल्या घरांतील रीतीवर आहे. विमान पुरें झालें कीं तें दिवाणखान्यांतील कांचेच्या कपाटांत जातें, आणि पाहुण्यांना दाखविण्यापलीकडे त्याचा उपयोग राहत नाहीं. "एवढे पैसे घालून आणलें, तें मोडायचें काय?" असें आपणच मुलांना दरडावतों. दिवाळींतला किल्ला आठवावा. मावळे आपण बाजारांतून तयार आणतों, सिंहासनावरचे महाराजहि तयार आणतों. पण बुरूज, खिंड, तळें, अळीवाचें हिरवें रान, हें सर्व मुलांच्या मनांतलें असतें, आणि दिवाळी सरली कीं किल्ला मोडतो. पुढच्या वर्षीं दुसरा होतो. तयार तुकडे असणें हा दोष नव्हे. मोडण्याची मुभा नसणें हा दोष आहे. ही वीट सुटण्यासाठींच घडविलेली आहे; ती कपाटांत डांबून ठेवणारानें कागदी विमान घेतलें तरी चालेल.

आमच्याकडे विमान महिनाभर राहिलें. मग मातुःश्रींच्याच हुकुमानें तें उकललें. तयार नाकाचा तुकडा बोटीच्या नाळेच्या कामीं आला, आणि त्यांतून भाऊच्या धक्क्यावरची एक लाँच तयार झाली. तिला इंधनाची टांकी आहे. ती कोठें असावी यावर दोन्ही मुलांचें भांडणहि झालें.

घेणारांसाठीं दोन व्यावहारिक गोष्टी. तीन वर्षांखालील मूल घरांत असल्यास हा संच उंचावर ठेवावा. बारीक तुकडे गिळले जाण्याचें भय खरें आहे. ज्यांना पहिल्यानेंच विटा घ्यावयाच्या आहेत, त्यांनीं विमानाच्या आधीं ७९० साध्या विटांची जी सरमिसळ पेटी मिळते ती घ्यावी. ती पुष्कळ स्वस्त असून चार वर्षांच्या मुलालाहि चालते. विमानाचा संच दोन-तीन बिऱ्हाडांनीं मिळून घेतला तरी हरकत नाहीं. मात्र तो एका घरांतून दुसऱ्या घरीं जातांना सुटा करूनच द्यावा, आणि देण्यापूर्वीं पुस्तिकेच्या शेवटीं तुकड्यांची जी यादी आहे तिच्याबरहुकूम तुकडे मोजून घ्यावे.