‘बुरहान’ नावाची पुस्तकं अनेक, पण बुऱ्हाणपूरची नेमकी कोणती?

बुऱ्हाणपूर : जुन्या फारसी-उर्दू ग्रंथांची यादी चाळताना ‘बुरहान’ हा शब्द दिसला की आपल्या भागातला वाचक तिथे थांबतोच. ‘बुरहान-ए-मासिर’, ‘बुरहान-ए-काते’, ‘काते-ए-बुरहान’ ही नावंच अशी आहेत की वाटावं, हा आपल्या शहराचा इतिहास असणार. शाळेचा प्रकल्प असो, स्थानिक इतिहासावरचा लेख असो की मोबाईलवर फिरणारा मेसेज, या नावांची सरमिसळ सहज होऊ शकते. म्हणून कोणतं पुस्तक कोणाचं, कुठलं आणि आपल्या कामाचं किती, हे एकदा नीट मांडून ठेवलेलं बरं.

उत्तर थोडक्यात असं. ज्या गाजलेल्या पुस्तकांच्या नावात ‘बुरहान’ आहे, ती बुऱ्हाणपूरची नाहीत. आणि जी खरोखर इथली आहेत, त्यांच्या शीर्षकात शहराचं नाव नाही. ते शोधावं लागतं लेखकाच्या नावामागे लागलेल्या ‘बुरहानपुरी’ या शब्दात. हे माहीत नसल्यामुळे आपण भलतीच पुस्तकं आपली समजतो आणि आपली पुस्तकं हातची सोडतो.

‘बुरहान’ म्हणजे काय?

हा मूळ अरबी शब्द. अर्थ पुरावा, प्रमाण. ‘बुरहानुद्दीन’ म्हणजे धर्माचं प्रमाण. दख्खनमध्ये हे नाव सूफी संतांनी घेतलं, सुलतानांनी घेतलं आणि एका कोशकाराने टोपणनाव म्हणूनही घेतलं. नाव एक, माणसं वेगवेगळी. घोळाचं मूळ इथे आहे.

आपल्या शहराला नाव मिळालं ते सूफी संत बुरहानुद्दीन गरीब यांच्यावरून. खानदेशच्या फारुकी घराण्यातल्या नासिर खानाने १४०० च्या सुमारास तापीच्या एका काठावर बुऱ्हाणपूर वसवलं. समोरच्या काठावरच्या जैनाबादला संतांचे शिष्य जैनुद्दीन शिराझी यांचं नाव मिळालं. गंमत म्हणजे बुरहानुद्दीन गरीब यांनी हे शहर पाहिलंच नाही. निजामुद्दीन औलियांचे हे शिष्य दिल्लीहून दौलताबादला आले, १३३७ मध्ये वारले आणि खुलताबादला त्यांची कबर आहे. शहर वसलं ते त्यानंतर साठेक वर्षांनी.

त्यांची वचनं शिष्यांनी लिहून ठेवली. ‘अहसन-उल-अकवाल’, ‘नफाइस-उल-अनफास’ आणि ‘गराइब-उल-करामात’ ही ती पुस्तकं. शेवटच्या नावात ‘गरीब’ या शब्दावरचा खेळ लगेच लक्षात येतो. ज्यांच्या नावाने आपण पत्ता लिहितो, ते संत काय बोलत होते हे कळायचं तर ही पुस्तकं महत्त्वाची. पण ती घडली दौलताबाद-खुलताबादच्या परिसरात. त्यांत बुऱ्हाणपूर शोधायला जाऊ नका, ते तेव्हा नव्हतंच.

‘बुरहान-ए-मासिर’ : हा बुरहान अहमदनगरचा

सगळ्यात जास्त चकवा देणारं पुस्तक हे. सय्यद अली तबातबा याने ते लिहिलं अहमदनगरच्या दरबारात, दुसऱ्या बुरहान निजामशाहाच्या सांगण्यावरून. शीर्षकातला बुरहान तो. बहमनी सुलतान आणि अहमदनगरची निजामशाही हा त्याचा विषय आणि चांदबिबीने लढवलेल्या अहमदनगरच्या वेढ्यापर्यंत हकिकत येते. महाराष्ट्राच्या इतिहासासाठी पुस्तक मोलाचं, पण शहराचा संबंध नावापुरताही नाही.

तरीही एक धागा आहे आणि तो सांगायलाच हवा. हा बुरहान गादीवर बसला तो बुऱ्हाणपूरच्या मदतीने. इथला सुलतान राजा अली खान त्याच्या बाजूने उभा राहिला आणि १५९१ मध्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडजवळ विरोधी सरदार जमाल खान मारला गेला. त्यानंतरच बुरहान अहमदनगरचा मालक झाला. राजा अली खान म्हणजे ज्याने आपल्या शहरातली जामा मशीद बांधली आणि तिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेख कोरवला, तोच. म्हणजे पुस्तक बुऱ्हाणपूरचं नाही, पण ज्याच्यासाठी ते लिहिलं गेलं त्याला गादी मिळण्यात बुऱ्हाणपूरचा वाटा आहे.

नगरकडच्या वाचकांसाठी आणखी एक खुलासा. तुळजाभवानीच्या पालखीशी जोडलेलं बुऱ्हाणनगर हे नगरजवळचं गाव, ते वेगळं. जुन्या कागदात दोन्ही नावं आली तर आधी जिल्हा तपासा.

‘बुरहान-ए-काते’ : शब्दकोश आणि गालिबचं भांडण

हा फारसी शब्दकोश. मुहम्मद हुसेन तब्रीझी याने तो १६५२ च्या सुमारास गोवळकोंड्यात पूर्ण करून अब्दुल्ला कुतुबशाहाला अर्पण केला. कोशकाराचं टोपणनाव ‘बुरहान’, म्हणून कोशाचं नाव ‘बुरहान-ए-काते’. अर्थ : वाद मिटवणारं, निर्णायक प्रमाण. १८१८ मध्ये तो कलकत्त्यात छापला गेला आणि हिंदुस्थानभर प्रमाण मानला जाऊ लागला.

१८५७ च्या धामधुमीत दिल्लीत घरात अडकून पडलेल्या मिर्झा गालिबच्या हाताशी हा कोश होता. वाचता वाचता त्याला चुका दिसत गेल्या. १८६२ मध्ये त्याने टीकाग्रंथ काढला आणि शीर्षक चक्क उलटं केलं : ‘काते-ए-बुरहान’, म्हणजे ‘बुरहान’ला कापणारा. मग काय, पंडित मंडळी तुटून पडली. उत्तरादाखल ‘साते-ए-बुरहान’, ‘मुअय्यिद-ए-बुरहान’, ‘काते-उल-काते’ अशी पुस्तकं निघाली. गालिबच्या बाजूने निघालेलं ‘लताइफ-ए-गैबी’ छापलं गेलं औरंगाबादच्या मियाँदाद खाँ ‘सय्याह’ यांच्या नावावर. पण लेखणी खुद्द गालिबची, असं अभ्यासक मानतात. भाषा इतकी घसरली की १८६७ मध्ये गालिबने एका लेखकावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. पुढच्या वर्षी तो तडजोडीने मिटला.

म्हणजे ग्रंथालयाच्या यादीत ‘बुरहान’ची अर्धा डझन पुस्तकं एका ओळीत दिसली, तर ती बहुतेक या भांडणातली समजा. वाचायला मजेदार आहेत, पण बुऱ्हाणपूरशी त्यांचं काही देणंघेणं नाही.

आणखी दोन बुरहानुद्दीन

एक विजापूरचे शाह बुरहानुद्दीन जानम. सोळाव्या शतकातले हे संत दखनीत लिहायचे आणि ‘इर्शादनामा’ हे त्यांचं काव्य. दखनी भाषेच्या अभ्यासात त्यांचं नाव पहिल्या रांगेत येतं. पण ते विजापूरचे.

दुसरे मात्र आपले. शाह बुरहानुद्दीन ‘राज-ए-इलाही’, सतराव्या शतकातले शत्तारी परंपरेचे संत, बुऱ्हाणपुरात राहिलेले. शहराला यांचं नाव मिळालं असं कुणी सांगितलं तर मानू नका, तोवर शहराला दोन शतकं उलटून गेली होती. औरंगजेबाचा सरदार आकिल खान यांचा मुरीद होता. गुरूच्या ‘राज’वरून त्याने ‘राजी’ हे टोपणनाव घेतलं आणि पद्मावत व मधुमालतीच्या कथा फारसीत नेल्या.

मग खरी बुऱ्हाणपूरची पुस्तकं कोणती?

इथे यादी लांब आहे. निवडक पाहू.

भीमसेन सक्सेना, ‘नुस्खा-ए-दिलकुशा’ : मराठी वाचकाने पहिलं वाचावं असं हे पुस्तक. भीमसेनचा जन्म १६४९ चा, बुऱ्हाणपूरचा. मुघल फौजेत, पुढे दलपतराव बुंदेल्याच्या चाकरीत, त्याने दख्खनच्या मोहिमा जवळून पाहिल्या. मराठ्यांशी चाललेलं युद्ध, जिंजीचा वेढा, महागाई, फौजेची दैना हे सगळं तो नोकरदाराच्या नजरेने सांगतो. जदुनाथ सरकारांचं इंग्रजी भाषांतर महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख विभागाने १९७२ मध्ये मुंबईहून प्रसिद्ध केलं. शीर्षकात कुठेही बुऱ्हाणपूर नाही.

अब्दुल बाकी नहावंदी, ‘मासिर-ए-रहीमी’ : लेखक इराणचा, पण पुस्तक १६१६ मध्ये पूर्ण झालं ते अब्दुर्रहीम खानखानाच्या बुऱ्हाणपुरातल्या आश्रयाखाली. कुंडी भंडाऱ्याचं पाणी शहरात खेळू लागलं तो हाच काळ. शीर्षकात नाव रहीमचं. ‘मासिर’ या शब्दामुळे हे आणि ‘बुरहान-ए-मासिर’ एकच समजू नका.

मुहम्मद बिन फजलुल्लाह बुरहानपुरी, ‘तुहफा-ए-मुरसला’ : १५९० च्या सुमाराची छोटीशी अरबी पुस्तिका. ती समुद्रापार सुमात्रा आणि जावापर्यंत पोचली आणि जावाच्या भाषेत तिचं पद्य रूपांतर झालं. तापीकाठी लिहिलेलं इतक्या लांब वाचलं गेलं, हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे.

अली मुत्तकी, ‘कन्ज-उल-उम्माल’ : जन्म बुऱ्हाणपूरचा, मृत्यू १५६७ मध्ये मक्केत. ४६ हजारांहून जास्त हदीसचा हा संग्रह. जगात लेखक ‘अल-हिंदी’ म्हणून ओळखला जातो, त्यामुळे गावाचं नाव मागे पडलं.

शेख निजाम बुरहानपुरी, ‘फतावा-ए-आलमगिरी’ : औरंगजेबाच्या काळात अनेक विद्वानांनी मिळून केलेला हा कायदेग्रंथ. त्या मंडळाचे प्रमुख इथले. नाव मात्र बादशहाचं.

शोधायचं कसं?

शहराचं नाव एका पद्धतीने लिहिलं जात नाही, ही मोठी अडचण. मराठीत बुऱ्हाणपूर आणि बऱ्हाणपूर, हिंदीत बुरहानपुर. १६१५ मध्ये आलेला इंग्रज वकील टॉमस रो ‘ब्रॅम्पोर’ लिहितो, फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये त्याच्याच जवळचं रूप वापरतो. एकच रूप टाकून शोधलं तर निम्मं हातून सुटतं.

तेव्हा तीन गोष्टी करा. पहिली, पुस्तकाच्या नावाऐवजी लेखकाच्या नावात ‘बुरहानपुरी’ शोधा. दुसरी, ‘बुरहान’ दिसला की तो संत, सुलतान की कोशकार हे आधी ठरवा. शतक आणि गाव पाहिलं की ते कळतं. तिसरी, फक्त मध्य प्रदेशच्या कपाटात पाहू नका. बुऱ्हाणपूर जिल्हा २००३ मध्ये खंडव्यातून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीची सरकारी माहिती पूर्व निमाडच्या नावाखाली मिळते. फारुकी काळ खानदेशच्या इतिहासात, निजामशाहीचा संबंध नगरच्या आणि सूफी परंपरा खुलताबादच्या पुस्तकांत.

रावेर-मुक्ताईनगरच्या विद्यार्थ्याला बुऱ्हाणपूर ‘दुसऱ्या राज्यातलं’ वाटतं आणि बुऱ्हाणपूरच्या मराठी घरातल्या मुलाला मुंबईत छापलेलं भीमसेनचं पुस्तक माहीत नसतं. राज्याची हद्द मधे आल्याने दोघांचंही नुकसान होतंय. सुरुवात करायची असेल तर जवळच्या ग्रंथालयात आधी भीमसेनचं भाषांतर मागा. नसेल तर मागवायला सांगा.